मानेतली खोल गाठ: आत जायची वाट कोणती?

(सामुदायिक रेडिओवर एका कान-नाक-घसा तज्ज्ञ डॉक्टरांनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मानेला गाठ लागली की आपल्याकडे आधी घरातल्या बायकाच चाचपून बघतात. कुणी म्हणतं गालगुंड असेल, कुणी म्हणतं दाढ किडली असेल, कुणी चुना लावायला सांगतं. आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा ती गाठ साधीच निघते. घसा धरला, दाढेत पू झाला, डोक्यात उवांच्या जखमा झाल्या, तरी मानेतल्या ग्रंथी फुगतात आणि थोड्या दिवसांत उतरतात. तीन आठवडे झाले तरी उतरली नाही, तर मात्र दाखवायची. आपल्या भागात अशा वेळी डॉक्टरांच्या मनात दोन गोष्टी आधी येतात. एक टीबी, म्हणजे जुनी माणसं जिला गंडमाळ म्हणायची ती. आणि मिश्री-तंबाखूची सवय असेल तर तोंडातला कर्करोग. म्हणून मान दाखवायला गेलात आणि डॉक्टरांनी 'तोंड उघडा' म्हटलं, तर 'गाठ मानेला आहे, तोंड कशाला' असं म्हणू नका.

आज मला या दोन्हींबद्दल बोलायचं नाही. आज बोलायचं आहे ते सहसा हाताला लागत नाही अशा गाठीबद्दल. ती दुर्मीळ आहे. डोक्या-मानेत होणाऱ्या २०० गाठींमागे साधारण एखादी. पण जिला ती निघते तिला कुणी नीट समजावून सांगत नाही. 'ऑपरेशन मोठं आहे, सही करा' एवढंच कानावर पडतं. म्हणून हा विषय घेतला.

कानाची पाळी आणि जबड्याचा कोपरा यांच्यामध्ये बोट ठेवा. बोटाच्या आत, जबड्याच्या हाडामागे आणि घशाच्या भिंतीच्या बाहेर, एक अरुंद जागा आहे. शेंगदाणे घालून देतात तशी कागदाची निमुळती पुडी डोळ्यांसमोर आणा. पुडीचं उघडं तोंड वर, कवटीच्या तळाला टेकलेलं. टोक खाली, कंठमण्याच्या वर जे लहानसं हाड असतं तिथे. डॉक्टर या जागेला पॅराफॅरिंजियल स्पेस म्हणतात. नाव विसरलात तरी चालेल, पुडी लक्षात ठेवा.

या पुडीचे दोन भाग आहेत. पुढच्या भागात मुख्यतः चरबी, आणि कानाखालच्या मोठ्या लाळग्रंथीचा आत वळलेला तुकडा. मागचा भाग म्हणजे भर बाजारपेठ. मेंदूला रक्त नेणारी कॅरोटिड ही मोठी रोहिणी तिथे, रक्त परत आणणारी मोठी नीला तिथे, आणि त्यांना चिकटून कवटीतून खाली उतरणाऱ्या नसा. इथे 'नस' म्हणजे रक्ताची शीर नव्हे. मेंदूचा हुकूम पोचवणारी तार. एक नस गिळायला मदत करते, एक आवाज चालवते, एक खांदा उचलते, एक जीभ हलवते. शिवाय डोळ्याची पापणी आणि चेहऱ्याचा घाम सांभाळणारी आणखी एक नसांची साखळी मागून खाली जाते. एवढं सगळं इतक्याशा जागेत. म्हणूनच इथली गाठ कशाची आहे याच्याइतकीच ती कुठे आहे ही गोष्ट महत्त्वाची ठरते.

दिलाशाची बाब ही, की या जागेतल्या १०० पैकी साधारण ८० गाठी कर्करोगाच्या नसतात. पुढच्या भागात बहुतेक लाळग्रंथीची साधी गाठ असते. मागच्या भागात नसेच्या आवरणाची, म्हणजे श्वानोमा, किंवा रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेली पॅरागँग्लिओमा नावाची.

त्या वाढतात हळू आणि दुखत नाहीत, त्यामुळे बाईला पत्ताच लागत नाही. सुपारीएवढी, म्हणजे अडीच-तीन सेंटिमीटरची होईपर्यंत बाहेरून काही दिसत नाही. मग कधी जबड्याच्या कोपऱ्याखाली फुगवटा जाणवतो. कधी दुसऱ्याच कारणासाठी घसा बघताना डॉक्टरांना एका बाजूचा टॉन्सिल आणि टाळू मधोमध ढकललेला दिसतो. एका कानाला दडा बसणं, घास अडकल्यासारखं वाटणं, घोरणं वाढणं, आवाज बदलणं, अशा तक्रारीही असतात. पण या तर निम्म्या गावाला असतात, त्यावरून कुणी घाबरू नये. लक्षात ठेवायचं ते 'एकाच बाजूला' आणि 'हटत नाही'.

इथे पहिली खबरदारी. घशात आतून फुगलेलं दिसलं म्हणून तोंडातून तुकडा काढायची घाई करू नये. फुगवटा वरून टॉन्सिलसारखाच दिसतो, पण मागे रक्ताची गाठ असेल तर रक्तस्राव आवरणं कठीण, आणि लाळग्रंथीची असेल तर तिचं आवरण फाटतं. आधी स्कॅन, मग बाकीचं. स्कॅन पाहून झाल्यावर बारीक सुईने तपासणी करतात, तिला भिऊ नका. 'सुई लावली की कॅन्सर पसरतो' हे आपल्याकडे पक्कं बसलंय, पण त्या बारीक सुईने तसं होत नाही. फक्त गाठ रक्तवाहिन्यांची वाटत असेल तर डॉक्टर स्वतःच सुई टाळतात. अशा वेळी लघवीची किंवा रक्ताची एक तपासणीही सांगतात, कारण यातल्या काही थोड्या गाठी रक्तदाब एकदम वाढवणारी द्रव्यं सोडतात आणि भूल देताना ते कळलेलं बरं.

एमआरआय आणि औषध टोचून केलेला सीटी स्कॅन यांतून डॉक्टर नेमकं काय बघतात? गर्दीची एसटी आठवा. पुढच्या दाराने कुणी घुसलं तर लोक मागे सरकतात, मागच्या दाराने घुसलं तर पुढे. कोण कुठे ढकललं गेलं यावरून नवा प्रवासी कुठल्या दाराने चढला ते कळतं. तसंच इथे. कॅरोटिड मागे सरकलेली दिसली तर गाठ पुढच्या भागातली, बहुधा लाळग्रंथीची. कॅरोटिड पुढे आली असेल तर मागच्या भागातली, नसेची किंवा रक्तवाहिन्यांची. आणि कॅरोटिडच्या दोन फांद्यांमध्ये पाचर मारल्यासारखी बसली असेल तर कॅरोटिड बॉडी ट्यूमर. (ही शेवटची गाठ पेरू देशातल्या अँडीज पर्वतासारख्या फार उंच, विरळ हवेच्या मुलखात जास्त आढळते, आणि तिथे बायकांमध्ये अधिक.) या चित्रावरून आत कुठून जायचं ते ठरतं.

सगळ्यात जास्त वापरली जाते ती मानेची वाट. मानेला नैसर्गिक वळ्या असतात, त्यातल्याच एका वळीत जबड्याखाली आडवा छेद घेतात. जबड्याखालची लहान लाळग्रंथी बाजूला सारतात किंवा काढतात, जबड्याला मागून बांधणारी एक पट्टी कापतात, मग जबडा पुढे ओढता येतो आणि त्या फटीतून बोट आत जातं. बऱ्याच गाठी या वाटेने आवरणासकट सुटून येतात. गाठ कानाखालच्या लाळग्रंथीला जोडलेली असेल तर छेद कानापुढून खाली मानेत आणतात. त्या ग्रंथीच्या मधून चेहऱ्याची नस पंख्यासारखी पसरत जाते, म्हणून आधी ती नस शोधून, सोडवून, मगच गाठीला हात लावतात. यात वेळ जातो, आणि तो जाऊ द्यावा.

गाठ फार मोठी असेल, कर्करोगाची असेल, किंवा कवटीच्या तळाशी कॅरोटिडला वेढून असेल, तर क्वचित खालचा जबडा करवतीने कापून दार उघडावं तसा बाजूला करावा लागतो. ओठाच्या मधोमध छेद, नंतर हाडाला पट्ट्या आणि स्क्रू, काही दिवस गळ्यातून श्वासाची नळी, नाकातून अन्नाची नळी. ऐकून अंगावर काटा येतो, पण आता ही वेळ कमी येते. कुणी पहिल्याच भेटीत जबडा कापायचं म्हणाले, तर दुसऱ्या मोठ्या रुग्णालयात मत घेण्यात संकोच करू नका.

आणि राहिली तोंडाची वाट. हिच्याबद्दल मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण आपल्याकडे हा प्रश्न लग्नाच्या मुलीपाशी येऊन थांबतो. आई विचारते, 'डॉक्टर, तोंडातून नाही का काढता येणार? गळ्यावर डाग नको.' आईची काळजी मला कळते. टॉन्सिलच्या बाजूने आत शिरून गाठ काढता येते, जुन्या काळापासून काढतात. आता रोबोटच्या हातांनीही, आतलं मोठं करून बघत, निवडक गाठी तशा काढल्या जातात. पण ही वाट अरुंद. गाठीची मागची बाजू, जिथे कॅरोटिड असते, ती नीट दिसत नाही. रक्त सुटलं तर थांबवायला हात पोचत नाही. आणि लाळग्रंथीच्या गाठीचं आवरण पातळ असतं. ओढाताणीत ते फाटलं तर तिचे कण जखमेत सांडतात आणि दहा-पंधरा वर्षांनीसुद्धा एकीच्या जागी अनेक गाठी उगवतात. ते दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा कितीतरी अवघड असतं. गाठ लहान, पुढच्या भागातली, कॅरोटिडपासून सुटी, आणि करणारा हात रोजच्या सवयीचा असेल तर गोष्ट वेगळी. एरवी मला विचाराल तर वळीतला डाग परवडला. वर्षभरात तो बराच पुसट होतो.

आता धोक्यांबद्दल. फॉर्मवर नसांची नावं लिहिलेली असतात, पण नावावरून कुणाला काही बोध होत नाही. म्हणून नस गेली तर घरात काय बदलतं ते सांगते.

खालच्या ओठाच्या कोपऱ्याची बारीक नस ताणली गेली तर हसू तिरकं होतं, चूळ भरताना पाणी गळतं. नुसती ताणलेली असेल तर काही आठवड्यांत, फार तर महिन्यांत सुधारते. जिभेची नस दुखावली तर जीभ बाहेर काढताना त्याच बाजूला वळते आणि भाकरीचा घास गालात साठून राहतो. खांद्याची नस दुखावली तर हात वर जात नाही. फळीवरचा डबा काढणं, हंडा उचलणं, वेणी घालणं, सगळं अडतं. यात व्यायामाने पुष्कळ फरक पडतो, पण तो लवकर सुरू केला तर. पापणीच्या साखळीला इजा झाली तर त्या बाजूची पापणी थोडी उतरते, बाहुली लहान दिसते, अर्ध्या चेहऱ्याला घाम येत नाही. दृष्टी जात नाही. लोक मात्र विचारत राहतात.

सगळ्यात जड आवाजाची नस. ती गेली की आवाज घोगरा, हवा निसटल्यासारखा होतो. एवढंच असतं तर सोसलं असतं, पण तीच नस गिळताना श्वासनलिकेचं दार मिटते. ते नीट मिटलं नाही की पाणी पिताना ठसका लागतो, अन्न फुप्फुसात उतरतं, न्यूमोनिया होतो. तरुण बाई काही महिन्यांत जुळवून घेते, सत्तरीच्या आजीला ते जमत नाही. स्वरयंत्राचा ढिला पडदा मधोमध आणण्यासाठी इंजेक्शन किंवा थायरोप्लास्टी नावाचं लहान ऑपरेशन करता येतं, त्याने आवाज आणि ठसका दोन्ही बऱ्यापैकी सुधारतात. गाठ मुळात याच नसेची असेल, तर आवरण उघडून आतला गर तेवढा काढायचा आणि नसेचे तंतू वाचवायचे असा प्रयत्न करतात. तो दर वेळी साधत नाही, आणि साधला तरी आवाज काही काळ बसतोच.

म्हणून बाजारात ओरडून भाजी विकणारी, वर्गात शिकवणारी, भजनी मंडळात गाणारी बाई असेल तर तिने ते डॉक्टरांना आधीच सांगावं. डॉक्टरांना गाठ दिसत असते; तुमचं पोट आवाजावर चालतं हे तुम्ही सांगितल्याशिवाय कळत नाही.

कॅरोटिडला चिकटलेल्या गाठीत आणखी एक धोका असतो: रोहिणीला इजा होऊन पक्षाघात. तो कमी वेळा होतो, पण अशा ऑपरेशनला रक्तवाहिन्यांचे सर्जन आणि रक्त तयार असायला हवं. त्यामुळे हे काम गावातल्या लहान हॉस्पिटलचं नाही.

दोन त्रास असे आहेत की ते आधी सांगितले नाहीत तर बाई घाबरून जाते. पहिला, पहिल्या घासाची कळ. दर जेवणाचा पहिला घास चावला की कानापुढे, जबड्यात अशी कळ येते की डोळ्यांत पाणी यावं. दुसऱ्या-तिसऱ्या घासाला ती कमी होते, आणि पुढच्या जेवणाला परत हजर. लोणचं, चिंच, कैरी यांनी जास्त. लाळग्रंथीकडे जाणारे काही बारीक तंतू तुटल्यामुळे हे होतं. गाठ परत आलेली नसते आणि दाढही किडलेली नसते, तेव्हा दाढ काढून घेऊ नका. पहिले दोन घास वरणभाताचे घ्या, आंबट नंतर. बऱ्याच जणींना काही महिन्यांत उतार पडतो. नाही पडला तर गोळ्या आहेत, इंजेक्शन आहे.

दुसरा त्रास लाळग्रंथीच्या ऑपरेशननंतर येतो. जेवताना गालाला घाम फुटतो. लाळेचे तुटलेले तंतू परत जुळताना चुकून घामाच्या ग्रंथींना जाऊन जुळतात. याला फ्रे सिंड्रोम म्हणतात. लुत्सिया फ्रे ही पोलंडमधली मेंदूविकारतज्ज्ञ, हिने १९२३ साली ही गुंतागुंत उलगडून दाखवली. पुढे नाझी राजवटीत ज्यू म्हणून तिचा बळी गेला. नाव ऐकून पुष्कळ डॉक्टरांनाही तो कुणी पुरुष असावा असं वाटतं.

मग कुणी विचारेल, साधी गाठ आणि एवढा घोळ, तर काढायची कशाला? प्रश्न रास्त आहे. लाळग्रंथीची गाठ शक्यतो काढावीच, कारण ती वाढत राहते आणि बऱ्याच वर्षांनी काही जणींमध्ये कर्करोगात बदलते. पण नसेच्या आणि रक्तवाहिन्यांच्या गाठी अनेकदा वर्षाला एखाद-दोन मिलिमीटरनेच वाढतात. पंचाहत्तरीच्या आजीला ठसका नाही, आवाज ठीक आहे, आणि गाठ योगायोगाने सापडली आहे, तर दर वर्षी स्कॅन करून नुसतं लक्ष ठेवणं हाही उपचारच आहे. काही रक्तवाहिन्यांच्या गाठी किरणोपचाराने वाढायच्या थांबतात. दोन्ही बाजूंना गाठी असतील तर एक बाजू तशीच ठेवणं शहाणपणाचं ठरू शकतं, कारण दोन्हीकडची आवाजाची नस गेली तर श्वास आणि गिळणं दोन्ही धोक्यात येतात.

आता सहीचं. पुष्कळदा डॉक्टर बोलतात नवऱ्याशी किंवा दिराशी, आणि बाई बाहेर बाकावर बसलेली असते. सज्ञान, शुद्धीत असलेल्या बाईची संमती तिचीच. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये एका निकालात हे स्पष्ट केलंय. तिथे रुग्ण भुलेखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन ठरल्यापेक्षा मोठं ऑपरेशन केलं होतं. जिवावर बेतलेलं नसताना आईची संमती पुरेशी नाही, असं न्यायालयाने म्हटलं. तेव्हा आत जा आणि स्वतः विचारा: गाठ पुढच्या भागातली की मागच्या? कुठल्या वाटेने जाणार, आणि ती का? माझी कोणती नस सगळ्यात जवळ आहे? आत गेल्यावर नस आणि गाठ सुटत नसेल तर काय करणार? नस वाचवून थोडी गाठ मागे ठेवणार, की नस देऊन पूर्ण काढणार? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सहीच्या आधी ठरलेलं असावं. भुलेखाली कुणी तुम्हाला विचारू शकत नाही.

खर्चाचं म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमचं ऑपरेशन बसतं का, हे योजनेतल्या रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधी विचारा. रेशनकार्ड आणि आधार बरोबर न्या. कर्करोगाची शंका असेल तर परळचं टाटा मेमोरियल आहेच.

ऑपरेशननंतर मानेतून रक्ताचं पाणी बाहेर काढणारी एक नळी असते, ती काही दिवसांत निघते. पहिल्या २४ तासांत सोबत बसणारीने झोपू नये. मान एकदम फुगू लागली, पट्टी घट्ट वाटू लागली, श्वासाला आवाज येऊ लागला, तर सकाळच्या राउंडची वाट न बघता तिथल्या तिथे सिस्टरना हाक मारायची. आत रक्त साठून श्वासनलिका दाबली जात असते आणि मिनिटं मोजायची वेळ असते. पहिलं पाणी डॉक्टरांनी सांगितल्यावरच, बसून, चमच्याने द्यायचं. पातळ पाण्यापेक्षा दाट पेज किंवा घट्ट दही गिळायला सोपं जातं.

आठ-दहा दिवसांनी गाठीचा पॅथॉलॉजीचा रिपोर्ट येतो. तो दवाखान्यातच राहू देऊ नका, मागून घ्या. स्कॅनच्या सीडीबरोबर एका पिशवीत, पावसाचं पाणी लागणार नाही अशा जागी ठेवा, आणि कुठे ठेवलाय ते घरातल्या एका माणसाला सांगून ठेवा. पंधरा वर्षांनी दुसऱ्या गावात, दुसऱ्या डॉक्टरांसमोर बसाल, तेव्हा ते आधी तोच कागद मागतील.